घरखर्चाची वही आणि कर्जाचे हप्ते: दोन्ही एकदम सांभाळायचं कसं

आम्ही खर्च लिहायला सुरुवात केली त्या पहिल्या महिन्याअखेर तिसरा सगळ्यात मोठा आकडा निघाला तो ‘किरकोळ’ या रकान्याचा. घरभाडं, किराणा आणि मग किरकोळ. एकवीस नोंदी होत्या. त्यातल्या बऱ्याच माझ्याच अक्षरात, पण कशाच्या ते मलाच सांगता येईना. नवरा वहीकडे बघून एवढंच म्हणाला, “म्हणजे आपण लिहिलं, पण काही कळलं नाही.”

तेव्हा आमच्या डोक्यावर तीन कर्जं होती. एक वैयक्तिक कर्ज, एका क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि नात्यातल्या एकाकडून घेतलेले हातउसने पैसे. हप्ता एकही चुकवलेला नव्हता. तरी कार्डाची बाकी चार महिने उतरायची आणि पाचव्या महिन्यात होती तिथे परत जायची. आम्ही चैन करत होतो अशातलाही भाग नाही. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की हप्ते आम्ही पगारातून भरत होतो आणि वर्षातून एकदोनदा येणारे खर्च कार्डातून. एका हाताने फेडायचं आणि दुसऱ्या हाताने घ्यायचं, असं चाललं होतं.

म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. लवकर कसं फेडायचं ते नंतर येईल. आधी घरखर्चाला अशी शिस्त लावायची की कर्ज पुन्हा वाढणार नाही. उदाहरणांतल्या आकड्यांपुढे चलन लिहिलेलं नाही, ते आपापलं लावून घ्यावं.

पहिलं काम: सगळी कर्जं एका कागदावर

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक कर्जासाठी एक ओळ लिहा: कुणाचं, आज शिल्लक मुद्दल किती, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता, भरायची तारीख आणि शेवटी एक रकाना ‘चुकलं तर काय’. हा शेवटचा रकाना लोक करत नाहीत आणि तोच अडचणीच्या महिन्यात लागतो. घर किंवा वाहन तारण असेल तर हप्ते थकल्यावर ती वस्तू जाऊ शकते. बिनतारण कर्जात दंड, वाढीव व्याज, वसुलीचे फोन आणि खराब झालेली पत हे सगळं मागे लागतं. कुणी जामीन राहिलं असेल तर आपली अडचण थेट त्याच्या दारात जाते. हातउसन्यात व्याज नसतं, पण नातं असतं.

शिल्लक मुद्दल अंदाजाने लिहू नका. स्टेटमेंट काढा किंवा कर्ज देणाऱ्याला आजच्या तारखेची शिल्लक विचारा. ‘अजून अठरा हप्ते राहिलेत’ म्हणून हप्ता गुणिले अठरा केलं की त्यात पुढचं व्याजही धरलं जातं, तो आकडा मुद्दलाचा नसतो.

नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवलेलं कर्जही याच कागदावर यायला हवं. अवघड असतं, मला माहीत आहे. मीही एका मैत्रिणीकडून घेतलेली छोटी रक्कम पहिल्या दिवशी सांगितली नव्हती, तिसऱ्या दिवशी सांगितली. एक ओळ जरी बाहेर राहिली तरी पुढचं सगळं गणित चुकतं, कारण ते पैसे कुठून तरी जातच असतात.

दर लिहिताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, महिन्याचा दर. कार्डावर ‘महिना ३ टक्के’ लिहिलेलं असतं आणि आपण मनात ३ गुणिले १२, म्हणजे ३६ धरतो. पण न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळून त्यावरही व्याज चढतं, तेव्हा वर्षाचा खरा दर ४२.५८ टक्के होतो. महिना २ टक्के असेल तर २६.८२.

दुसरी फसगत सपाट दराची, ज्याला फ्लॅट रेट म्हणतात. त्यात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर मोजतात, मग तुम्ही अर्धं मुद्दल फेडलेलं का असेना. १,००,००० चं कर्ज, तीन वर्षं, १० टक्के सपाट दर: व्याज झालं ३०,००० आणि हप्ता ३,६११. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजून, मांडला तर दर निघतो जवळजवळ १८ टक्के. म्हणून दोन कर्जांची तुलना करण्याआधी दोन्हींचे दर घटत्या शिल्लकेवरचे आहेत ना, हे विचारून घ्या.

तातडीच्या छोट्या कर्जात तिसरीही गंमत असते, ती म्हणजे आधीच कापून घेतलेलं शुल्क. कर्ज १०,००० चं, त्यातून १,००० प्रक्रिया शुल्क वजा, हातात ९,००० आणि महिन्याने परत करायचे १०,३००. कागदावर व्याज ३ टक्के दिसतं. प्रत्यक्षात ९,००० वापरायला मिळाले आणि त्यावर १,३०० गेले, म्हणजे एका महिन्यात साडेचौदा टक्क्यांच्या आसपास.

दुसरं काम: महिनाभर नुसतं लिहायचं

या महिन्यात काटकसर करू नका. गंभीरपणे सांगते आहे. पहिल्याच दिवसापासून हात आखडला की वहीत एक नटलेला महिना उतरतो आणि त्यावर बांधलेलं बजेट दुसऱ्याच महिन्यात कोसळतं. जसं चालतं तसं चालू द्या, फक्त लिहा.

वही, मोबाइलमधली नोंद, तक्ता, काहीही चालेल. आम्ही स्वयंपाकघरातल्या फळीवर वही आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवलं होतं, कारण पेन सापडलं नाही की नोंद उद्यावर जाते. रकाने मोजकेच: तारीख, कशासाठी, किती, कशातून (रोख, खातं की कार्ड). आणि ‘किरकोळ’ हा शब्द वापरायचा नाही. तेवढा एकच नियम. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिहा. दुसऱ्या महिन्यात आमच्याकडे ‘आठवत नाही’ फक्त चार वेळा आलं, कारण तसं लिहायची लाज वाटायची.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बसून वहीतला खर्च खात्यातल्या नोंदींशी ताडून पाहा. आपोआप कापले जाणारे पैसे इथेच सापडतात: कुणीच न पाहणारी वर्गणी, बंद करायची राहून गेलेली सेवा, कुठल्यातरी जुन्या खरेदीबरोबर गळ्यात पडलेला विमा.

तिसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: वर्षाची यादी

बजेट लोक महिन्याचं करतात आणि आयुष्य वर्षाचं असतं. शाळेची फी, विम्याचा हप्ता, वाहनाची दुरुस्ती, कर, डोळे आणि दात, लग्नकार्यातला आहेर, प्रवास, कपडे, बिघडणारी उपकरणं. यातलं एकही दर महिन्याला येत नाही, पण प्रत्येक महिन्यात यातलं एक तरी येतंच. आणि आलं की आपण म्हणतो, ‘या महिन्यात जरा अचानक खर्च निघाला.’ आमच्या घरात असे अचानक निघालेले महिने मोजले तर बारापैकी नऊ होते.

मागच्या वर्षभराची खात्याची आणि कार्डाची स्टेटमेंटं समोर घ्या. प्रत्येक महिन्यातून नेहमीचे खर्च सोडून जे उरेल ते वेगळ्या कागदावर उतरवा. नुसत्या आठवणीवर ही यादी केली तर ती नेहमी लहान होते. मी दोन्ही करून पाहिलं: आठवणीतून आठ बाबी निघाल्या, स्टेटमेंटमधून तेवीस.

आता बेरीज करा. समजा ३६,००० झाली. बाराने भागा: ३,०००. हे ३,००० तुमचे दर महिन्याचे खर्चच आहेत, फक्त त्यांचं बिल उशिरा येतं. पगार झाला की हप्त्यांबरोबरच ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. वेगळं खातं हवंच, कारण नेहमीच्या खात्यातली शिल्लक डोळ्यांना दिसते आणि दिसली की ती आपली वाटू लागते.

पहिल्या वर्षी एक अडचण येते. ९,००० चा एक खर्च तीन महिन्यांवर आलेला असतो आणि बाराच्या हिशेबाने तोवर त्याच्या वाट्याचे फक्त २,२५० जमतात. अशा जवळच्या खर्चाला बाराने न भागता उरलेल्या महिन्यांनी भागायचं, म्हणजे इथे महिना ३,०००. एवढे निघत नसतील तर तो खर्च पुढे ढकलता येतो का, टप्प्याने देता येतो का, हे तेव्हाच विचारायचं. तीन महिने आधी विचारणाऱ्याला लोक बरं उत्तर देतात.

हे पैसे साठवताना डोक्यात एक किडा वळवळतो: कार्डावर एवढं व्याज चढतंय आणि आपण पैसे खात्यात ठेवतोय, हा शुद्ध तोटा नाही का? निव्वळ आकड्यांत तोटाच आहे. मीही दोन महिने सगळं कार्डात भरून टाकलं होतं. तिसऱ्या महिन्यात धुण्याचं यंत्र बंद पडलं, दुरुस्ती कार्डावर गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटून पुढचे दोन महिने वही उघडलीच नाही. गणितातला तो तोटा सोसायची माझी तयारी आहे.

याच विचाराने थोडी गंगाजळीही लागते. खरोखर न सांगता येणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे आजारपण किंवा थांबलेला पगार. जाणकार तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतात. कर्ज फेडणाऱ्याने ते आत्ताच मनावर घेऊ नये. एका महिन्याचं घरभाडं, किराणा आणि हप्ते निघतील एवढे जमले की थांबायचं आणि जोर कर्जावर वळवायचा. महागडं कर्ज संपल्यावर उरलेलं भरून काढता येतं.

पैसे वाटायचा क्रम

पन्नास-तीस-वीस असं एक सूत्र सगळीकडे ऐकायला मिळतं: निम्मं गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्जाला. ज्याचे हप्तेच उत्पन्नाच्या चाळीस टक्के आहेत त्याने हे सूत्र वाचून फक्त खजील व्हायचं. शिवाय सगळ्या घरांना एकच टक्केवारी लागू होत नाही, हे काही नवं नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. तेव्हा टक्के सोडा, क्रम धरा.

पैसे आले की आधी घर चालू ठेवणारे खर्च: निवारा, अन्न, वीज-पाणी, औषधं, कामावर जाण्या-येण्याचा खर्च. मग प्रत्येक कर्जाचा हप्ता किंवा किमान देय रक्कम, एकही न सोडता. मग वर्षाच्या यादीचा बारावा हिस्सा. त्यानंतर रोजच्या खर्चाचे पैसे. जे उरेल ते एकाच कर्जावर जादा भरायचं, कुठल्या ते पुढे सांगते. उरतच नसेल तर ते याच वेळी कळतं, महिन्याच्या पंचवीस तारखेला नव्हे.

उत्पन्न दर महिन्याला वेगळं असेल तर मागच्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना पाया धरा. चांगल्या महिन्यात वर आलेले पैसे आधी पुढच्या महिन्याचे हप्ते झाकायला वापरा. एक महिना पुढे राहायला जमलं की छातीवरचं निम्मं ओझं उतरतं.

रोजच्या खर्चाचे पैसे मात्र महिन्याचे धरू नका, आठवड्याचे धरा. आमच्याकडे यासाठी १२,००० असायचे. तीस दिवसांचे दिवसाला ४००, आठवड्याला २,८००. चार आठवड्यांचे ११,२०० आणि शेवटच्या दोन दिवसांना ८००. दर सोमवारी २,८०० एका पाकिटात. शुक्रवारी पाकीट सपाट झालं तर दोन दिवस घरात आहे त्यात काढायचे, पुढच्या पाकिटाला हात लावायचा नाही. महिन्याचा हिशेब चुकला तर शेवटचे दहा दिवस ओढाताण होते आणि तेव्हाच कार्ड बाहेर येतं. आठवड्याचा चुकला तर शनिवार-रविवारपुरतंच निभवायचं असतं. रोख वापरत नसाल तर वेगळं खातं करून दर सोमवारी त्यात तेवढेच पैसे वळते करा.

कुठे कापायचं

सगळे जण आधी रोजच्या छोट्या खर्चांवर तुटून पडतात. त्यातून पैसे वाचतात, पण रोज वीसदा स्वतःला ‘नको’ म्हणावं लागतं आणि माणूस थकतो. माझा सल्ला उलट आहे: आधी ते खर्च बघा जे एकदा ठरवले की दर महिन्याला आपोआप कमी होतात. घरभाडं, फोन आणि इंटरनेटचे प्लॅन, विम्याचे दर, वर्गण्या, दुसरं वाहन. एक अख्खी दुपार फोनवर घालवून आम्ही यातून जेवढं वाचवलं तेवढं तीन महिने मन मारूनही वाचलं नव्हतं.

दोन मोठ्यांना थोडे खिशातले पैसे ठेवा, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. रक्कम छोटी असू दे, पण असू दे. नाहीतर वहीचं रूपांतर पोलिस चौकीत होतं आणि लोक खोटं लिहायला लागतात.

मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण ‘या वर्षी आपण एक गोष्ट संपवतोय, म्हणून काही गोष्टी पुढच्या वर्षी’ एवढं सांगावं. त्यांना आपल्या कुजबुजीवरून तसंही कळलेलं असतं.

कार्ड बाजूला ठेवणं

कार्डाची बाकी पुढे ओढत असताना तेच कार्ड किराण्याला वापरणं महागात पडतं, आणि का ते फार जणांना माहीत नसतं. पूर्ण बिल दर महिन्याला भरणाऱ्यांना मिळणारी बिनव्याजी मुदत, बाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला मिळत नाही. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज सुरू होतं. कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळात नसतेच आणि वर शुल्कही लागतं.

कार्ड कापून टाका असं मी म्हणत नाही. पाकिटातून काढा, खरेदीच्या संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये साठवलेले त्याचे तपशील पुसा. सोळा आकडे उठून शोधून भरावे लागले की निम्म्या खरेद्या तिथेच गळतात.

कुठलं कर्ज आधी

दोन पद्धती आहेत. एकीत सगळ्यात जास्त दराचं कर्ज आधी, दुसरीत सगळ्यात लहान रकमेचं आधी. दोन्हींत बाकीच्या सगळ्यांचे हप्ते चालूच ठेवायचे आणि जादा पैसा मात्र एकाच ठिकाणी ओतायचा. पहिल्या पद्धतीत व्याज कमी जातं. दुसरीत यादीतली एक ओळ लवकर खोडली जाते आणि हुरूप येतो. दरांत फारसा फरक नसेल तर लहान रकमेचं आधी घ्यायला हरकत नाही. पण यादीत महिना ३ टक्क्यांचं कार्ड असेल तर हुरुपाची वाट न बघता आधी तेच. थोड्या महिन्यांत संपणारं हातउसनं मात्र मी अपवाद धरते, विशेषतः ज्याने दिले त्यालाच आता गरज असेल तर.

कार्ड आधी का, ते आकड्यांत बघू. बाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के, किमान देय रक्कम बिलाच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून बिल १,०३,००० आणि किमान देय ५,१५०. बाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरते, म्हणून दर महिन्याला थोडं कमी भरावं लागतं आणि बरं वाटतं. वर्षभर असंच, नवी एकही खरेदी न करता भरत राहिलात तर एकूण ५५,००० च्या आसपास भरले जातात. त्यातले ३२,००० व्याजात गेले आणि बाकी उतरली फक्त २३,००० नी, अजून ७७,००० शिल्लक.

आता एकच बदल करा. किमान रक्कम किती का उतरेना, दर महिन्याला पहिल्याइतकेच, म्हणजे ५,१५०, भरत राहा. तिसाव्या महिन्यात कार्ड कोरं होतं. किमान रक्कमच भरणाऱ्याकडे त्याच तिसाव्या महिन्यात अजून ५२,००० बाकी असते. पहिल्या महिन्यात दोघांनी भरलेली रक्कम सारखीच होती. म्हणून बिलावरचा ‘किमान देय’ हा आकडा वाचायचाच नाही. आपला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.

ठरलेल्या हप्त्याच्या कर्जातही थोड्या जादा पैशाने फरक पडतो. १,००,०००, वर्षाला १८ टक्के घटत्या शिल्लकेवर, ३६ महिने: हप्ता ३,६१५. पहिल्या हप्त्यातले १,५०० व्याजाचे आणि २,११५ मुद्दलाचे. दर महिन्याला ५०० जास्त भरले तर कर्ज ३१ व्या महिन्यात संपतं आणि ४,८०० च्या आसपास व्याज वाचतं. मात्र जादा भरण्याआधी करारात मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क आहे का ते वाचा. आणि भरताना लेखी सांगा की ही रक्कम मुद्दलात वळती करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. आम्ही पहिल्यांदा जादा भरले तेव्हा ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून नुसते पडून राहिले होते, व्याज छदामही कमी झालं नव्हतं. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मुद्दल खरंच उतरलं का, हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एक कर्ज संपलं की त्याचा हप्ता घरखर्चात विरघळू देऊ नका. दुसऱ्याच महिन्यापासून तो पुढच्या कर्जाच्या हप्त्यात मिळवा. घराला त्या पैशांशिवाय राहायची सवय झालेलीच असते.

सगळी कर्जं एकत्र करू का?

विचार करण्यासारखी गोष्ट आहे, पण हप्ता बघून भुलू नका. वरचंच कर्ज घ्या: १८ टक्के, तीन वर्षं, हप्ता ३,६१५, एकूण व्याज ३०,१४९. कुणी तुम्हाला १४ टक्क्यांनी, सहा वर्षांसाठी नवं कर्ज देतो. हप्ता होतो २,०६१. दर कमी, हप्ताही कमी, आणि एकूण व्याज ४८,००० च्या वर. मुदत दुप्पट झाली तिथे सगळं गेलं. त्या कमी दराच्या कर्जात हप्ता पूर्वीइतकाच भरायची शिस्त असेल आणि मुदतीआधी भरण्याला दंड नसेल, तरच त्यात फायदा आहे. आणखी एक, बिनतारण कर्जं मिटवायला घर तारण ठेवू नका. दर कमी मिळतो खरा, पण ‘चुकलं तर काय’ या रकान्यात आता घर येतं.

एकत्रीकरणानंतर मोकळी झालेली कार्डं परत भरली तर दुहेरी ओझं होतं. तिसऱ्या कामातली वर्षाची यादी तयार नसेल तर हा मार्ग अजून धरू नका.

हप्ता जमणारच नाही असं दिसलं तर

तारखेच्या आधी फोन करा. नंतर केलेला फोन थकबाकीदाराचा असतो. विचारायचं ते नेमकं विचारा: हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का, एक-दोन महिने फक्त व्याज भरलं तर चालेल का, तारीख पगारानंतरची करता येईल का. तारीख बदलणं बहुतेकदा सोपं असतं आणि त्यामुळे खात्यात पैसे नसताना परत जाणाऱ्या हप्त्याचा दंड वाचतो. जे ठरेल ते लेखी मागा, कुणाशी कोणत्या तारखेला बोललात ते वहीत लिहा.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील तर आधी घर, अन्न आणि औषधं, मग तारण असलेलं कर्ज, मग बाकीचे. फोनवर जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, असं होऊ देऊ नका. तडजोडीने कमी रकमेवर कर्ज मिटवायची तयारी दाखवली जाते तेव्हा लक्षात ठेवा की त्याची नोंद तुमच्या पत-अहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) बराच काळ राहते आणि पुढचं कर्ज महाग होतं किंवा मिळत नाही. शेवटचा मार्ग म्हणून तो ठीक आहे. हप्ता भरायला नवं तातडीचं कर्ज मात्र कुठल्याच परिस्थितीत नको, साडेचौदा टक्क्यांचं उदाहरण वर दिलंच आहे.

ज्यांच्याकडून हातउसने घेतलेत त्यांना टाळू नका. आम्ही त्या नातेवाइकाला एक रक्कम आणि एक तारीख सांगितली, फार छोटी रक्कम, आणि ती कधी चुकवली नाही. त्याआधी वर्षभर समारंभात नजर चुकवत होतो. आणि या काळात दुसरं कुणी तुमच्याकडे उसने मागायला आलं तर ‘सध्या हप्ते चालू आहेत’ एवढं उत्तर पुरे.

शेवटचा हप्ता भरल्यावर

काम तिथे संपत नाही. कर्ज पूर्ण फिटल्याचा लेखी दाखला घ्या. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं मोजून परत घ्या, कोरे धनादेश दिलेले असतील तर तेही. खात्यातून आपोआप हप्ता कापायची सूचना रद्द झाली का ते पाहा. आमचा एक हप्ता कर्ज संपल्यावरही कापला गेला होता, परत मिळवायला पाच आठवडे लागले. दोन-तीन महिन्यांनी पत-अहवाल काढून त्या कर्जापुढे ‘बंद’ लिहिलंय ना, हे तपासा. हातउसन्याला दाखला नसतो, पण शेवटची रक्कम देताना दोघांच्या समोर आकडा बोलून घ्यावा. आम्ही दिली तेव्हा त्या नातेवाइकाने त्याच्या डायरीतलं पान काढून दाखवलं. त्याच्या हिशेबाने आमचे दोनशे जास्त गेले होते. ते त्याने तिथेच परत दिले आणि मी घरी येऊन ते वर्षाच्या खात्यात टाकले.